शिशाची रेघ

रंगीत काचेच्या खिडकीविषयी बोलताना आपण काचेविषयीच बोलतो. निळा किती गहिरा आहे, लाल कसा पेटल्यासारखा दिसतो, दुपारचे ऊन फरशीवर कसे रंग सांडते, एवढेच आपल्या लक्षात राहते. काचांच्या तुकड्यांमधून फिरणाऱ्या काळ्या रेघेकडे सहसा कोणी पाहत नाही. मीही गेल्या उन्हाळ्यापर्यंत पाहिले नव्हते. सुटीत मात्र ती रेघ मला हातात धरावी लागली, उकलावी लागली आणि पुन्हा घालावी लागली. त्या कामात जे समजले आणि जे चुकले, ते आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

धंतोलीतील एका जुन्या घरात आमच्या ओळखीच्या एक काकू राहतात. त्यांच्या आजेसासऱ्यांनी घर बांधताना पडवीच्या दारावर, पश्चिमेच्या बाजूला, रंगीत काचेची एक तावदानी मुंबईहून आणून बसवली होती. साडेतीन फूट रुंद, अडीच फूट उंच. मधोमध लाल फूल, भोवती हिरवी पाने, कडेने पिवळसर चौकट. अलीकडे ह्या तावदानीला पोट सुटले होते. तव्यावरची भाकरी एका बाजूने फुगावी तशी ती बाहेरच्या अंगाला फुगली होती आणि वारा सुटला की खुळखुळ्यासारखी वाजत असे. सुतार येऊन पाहून गेला. त्याचे मत असे पडले की काच कामातून गेली आहे. ती काढून दुधी काच बसवावी, आणि शिसे भंगारात वजनावर विकावे. त्यातच मी काही कामाने तिकडे गेले, तेव्हा काकू म्हणाल्या, “तू चित्रकलेची ना ग? बघ बरं, वाचते का ही.”

तावदानी उतरवून पडवीत फळीवर ठेवली आणि तुकडे मोजले. एकूण सत्तेचाळीस. त्यांपैकी तडा गेलेले फक्त दोन, तेही चौकटीतले. बाकी काच आणली तेव्हा होती तशीच होती. कामातून गेले होते ते शिसे. पट्ट्यांवर पांढुरकी भुकटी आली होती, सांध्यांच्या शेजारी बारीक चिरा पडल्या होत्या, आणि काही ठिकाणी पट्टी बोटाने दाबली तरी तुटत होती. सुताराची चूक ही सर्वांचीच चूक आहे. खिडकी खिळखिळी झाली की आपण काचेला दोष देतो.

ही पट्टी मुळात कशी असते ते आधी सांगते. इंग्रजीत तिला ‘केम’ म्हणतात. आडवी कापून पाहिली तर ती रोमन लिपीतील ‘एच’ अक्षर आडवे पाडल्यासारखी दिसते. मध्ये एक पातळ भिंत आणि त्या भिंतीच्या वर व खाली दोन पाखी. भिंतीच्या एका बाजूच्या खाचेत एक काच शिरते, दुसऱ्या बाजूच्या खाचेत दुसरी. मधल्या भिंतीला इंग्रज कारागीर ‘हृदय’ म्हणतात. कडेच्या पट्टीला मात्र एकच खाच असते. पाखीची रुंदी साधारण चार-पाच मिलिमीटरपासून बारा मिलिमीटरपर्यंत आणि क्वचित त्याहूनही जास्त असते. आपल्याला खिडकीत काळी रेघ दिसते ती ही पाखी. हृदय दिसत नाही, पण ते विसरले तर फजिती होते. काचेचे तुकडे अगदी रेघेला रेघ लावून कापले, तर प्रत्येक सांध्यात हृदयाच्या जाडीइतकी, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर, वाढ होते. एका ओळीत नऊ तुकडे असले की आठ सांधे. तेवढ्यात चित्र बारा मिलिमीटर रुंद होऊन बसते आणि चौकटीत मावत नाही. हे गणित मी वर्गातल्या पहिल्या नमुन्याच्या वेळी, चौकट आधी करून ठेवल्यावर शिकले! म्हणून काच कापण्याचा आराखडा बारीक पेन्सिलीने काढू नये. रेघच हृदयाएवढी जाड काढावी आणि काच तिच्या आतल्या कडेने कापावी.

शिशाने काच जोडण्याची पद्धत जुनी आहे. बाराव्या शतकात थिओफिलस ह्या नावाने लिहिणाऱ्या मठवासी कारागिराने आपल्या लॅटिन ग्रंथाचा एक संपूर्ण भाग काचकामाला दिला आहे, आणि त्यात साच्यात शिसे ओतून पट्ट्या कशा कराव्यात व त्या कशा झाळाव्यात हे आपण पाकक्रिया सांगतो तशा तपशिलाने सांगितले आहे. पुढे ओतीव पट्टीऐवजी दोन दातेरी चाकांमधून शिसे ओढून पट्टी काढण्याचे यंत्र आले. त्या चाकांचे दात हृदयावर ओळीने उमटत. काही इंग्रज कारागिरांनी तर चाकावर आपले नाव आणि साल उलटे कोरून ठेवले होते. ते पट्टीच्या पोटात छापले जाई, वर काच बसे, आणि दोनशे वर्षांनी कोणी खिडकी उकलली म्हणजेच ते वाचता येई. काकूंच्या तावदानीतील पहिली पट्टी उकलताना मी श्वास रोखून आत पाहिले. नाव नव्हते. नुसते दात होते.

आता प्रश्न असा की, एवढे मऊ, जड आणि विषारी असे हे शिसेच का? लोखंड का नाही, पितळ का नाही? पहिले उत्तर हातांना कळते. शिशाची पट्टी नुसत्या बोटांनी पाकळीच्या कडेभोवती वळते आणि वळवलेली तशीच राहते. साध्या सुरीने कापली जाते. दुसरे उत्तर कळायला मला ती फुगलेली तावदानी पाहावी लागली. काच आणि धातू दोन्ही उन्हाने वाढतात, पण सारखे नाही. शिसे काचेच्या सुमारे तिप्पट वाढते. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि पश्चिमेच्या उन्हात काळी पट्टी त्याहून पुष्कळ जास्त तापते. थंडीतल्या पहाटेपासून ह्या दुपारपर्यंत पन्नास अंशांचा फरक सहज धरावा. तेवढ्या फरकाने एक मीटर काच अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी वाढते, तर एक मीटर शिसे जवळजवळ दीड मिलिमीटर. हा एक मिलिमीटर कुठेतरी जायला हवा. पट्टी ताठ असती तर तो काचेवर गेला असता. शिसे मऊ असल्यामुळे ते स्वतः दबते, ताणले जाते, सुरकुतते आणि काचेला मोकळे ठेवते.

पण ही उदारता फुकट नसते. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते. निरपेक्ष शून्यापासून मोजले तर साध्या हवेतले शिसेसुद्धा वितळण्याच्या अर्ध्या वाटेवर असते. त्यामुळे ते ताणले गेले की पूर्ण मागे येत नाही, आणि स्वतःच्या वजनानेही हळूहळू खाली ओघळते. साध्या तीन मिलिमीटर काचेचे वजन चौरस मीटरला साडेसात किलो, त्यावर शिशाचे. म्हणून मोठ्या खिडकीला मागून आडव्या लोखंडी सळया देतात आणि तांब्याच्या तारांनी पट्ट्या त्यांना बांधतात. काकूंच्या चौकटीला सळईची दोन्ही बाजूंची भोके होती, सळई नव्हती. कधीतरी रंगकाम करताना ती काढली असावी आणि परत बसवायची राहिली असावी. पोट सुटण्याचे कारण एवढे साधे होते. रोज एक दुपार आणि एक पहाट धरली, तर नव्वद वर्षांत तीस हजारांहून जास्त वेळा ती पट्टी ताणली आणि आखडली गेली. तार वाकवून वाकवून तुटते तशी ती सांध्याशेजारी चिरली. शंभर-सव्वाशे वर्षे हे चांगल्या शिशाचे आयुष्य समजतात. मध्ययुगातल्या काही पट्ट्या त्याहून पुष्कळ टिकल्या, कारण त्या शिशात कथील, तांबे, अँटिमनी असे थोडेथोडे मिसळलेले असे. एकोणिसाव्या शतकात शिसे अधिक शुद्ध मिळू लागले आणि पट्ट्या उलट लवकर थकू लागल्या! आता डागडुजीसाठी त्यात मुद्दाम थोडी भेसळ करतात.

आपल्या घरची गोधडी आठवून पाहा. लुगड्याचे कापड मजबूत राहते. आधी जातो तो दोरा. आजी गोधडी टाकून देत नाही, दोरा नव्याने घालते. काचेच्या खिडकीत शिसे हा दोरा आहे.

शिशाला पर्याय झाले आहेत. जस्ताची पट्टी ताठ असते; अमेरिकेत फ्रँक लॉइड राइट ह्या वास्तुकाराच्या घरांतील सरळ रेषांच्या खिडक्यांना ती शोभली, पण पाकळीभोवती ती वळायला नको म्हणते. पितळ आणि तांबे कडेला चांगले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत टिफनीच्या कारखान्याने तांब्याच्या पातळ पत्र्याची पद्धत गाजवली. प्रत्येक तुकड्याच्या कडेला तो पत्रा चिकटवून मग सगळे सांधे झाळायचे. दिव्याच्या छत्र्यांतील नखाएवढे तुकडे असेच जोडलेले असतात. मोठ्या, उघड्यावरच्या खिडकीला मात्र अजूनही शिसेच बरे, असे मला वाटते.

चित्रकाराच्या दृष्टीने ह्या रेघेचे आणखी एक काम आहे, आणि ते आम्हा विद्यार्थ्यांना सर्वांत उपयोगी. कागदावर रंग शेजारी शेजारी ठेवले तर ते आपापल्या जागी बसतात. काचेत रंग म्हणजे उजेड, आणि उजेड सीमा पाळत नाही. दुरून पाहता निळा आजूबाजूला पसरतो आणि शेजारच्या लालाला गिळतो. मधली काळी रेघ दोघांना आवरते. शिवाय काच मनाला येईल तशी कापता येत नाही. हिरकणीने ओढलेली रेघ काचेच्या एका कडेपासून निघून दुसऱ्या कडेलाच पोचली पाहिजे. खोल खाच घेतली तर काच तडकते. म्हणून फुलाच्या देठाशी जिथे खाच येते, तिथून एक पट्टी पार्श्वभूमीत सोडावी लागते. चांगला आरेखक ती पट्टी फांदी म्हणून, वेलीचे वळण म्हणून सोडतो; कच्चा आरेखक ती तशीच आडवी टाकतो आणि फुलाला दोरीने बांधल्यासारखे करतो. काकूंच्या तावदानीत चौकटीची पट्टी बारा मिलिमीटर, पानांची आठ आणि पाकळ्यांची पाच होती. कोणी अनामिक माणसाने जाड-बारीक कुंचल्याने काढावे तसे ते शिशाने काढले होते.

हे सारे मोठ्या प्रमाणावर पाहायचे तर मुंबईला जावे. मुंबई विद्यापीठाचे फोर्टमधील दीक्षान्त सभागृह १८७४ साली पूर्ण झाले. त्याचा आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. तेथील मोठ्या गोल खिडकीत बारा राशी आहेत. शेजारचे ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा १८७८ चा. कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या काचा, विल्यम वेल्स ह्या इंग्रज काचकाराच्या, त्याहूनही आधीच्या. चर्च १८५८ मध्ये खुले झाले. सहलीत मी सभागृहाच्या खिडकीखाली उभी होते तेव्हा फक्त राशी ओळखत बसले. आता गेले तर दगडी जाळी कुठे संपते आणि शिसे कुठे सुरू होते ते पाहीन. दगड खिडकीचे मोठे भाग पाडतो, शिसे त्या भागांत चित्र काढते. विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या काचांचे जतन स्वाती चांदगडकर ह्यांच्यासारख्या ह्या विषयात मुरलेल्या व्यक्तीच्या हातून झाले. धंतोलीतल्या पडवीला असे हात कुठून मिळणार? तिथे मी होते.

आणि मी चूक केली ती पहिल्याच दिवशी. फुगलेली तावदानी उकलण्याआधी सपाट करावी लागते, हे मी वाचले होते. ती कशी करावी हेही वाचले होते. फळीवर ठेवून उन्हात शिसे हलके गरम होऊ द्यावे, वर दुसरी फळी ठेवावी आणि दिवसाला थोडेथोडे वजन वाढवावे. घाई करू नये. मला वाटले, फुगवटा तो केवढा, हातानेच दबेल. दोन्ही तळवे ठेवून मी दाबले. ‘टच्’ असा लहानसा आवाज झाला. मधल्या फुलाची सर्वांत मोठी लाल पाकळी तिरकी दुभंगली होती. काकू मागेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “हात कापला नाही ना?” आणि आत निघून गेल्या.

तुटलेल्या कडेवर तेव्हा मला आणखी एक गोष्ट दिसली. तो तुकडा संपूर्ण लाल नव्हता. बिनरंगी काचेवर लालाचा अगदी पातळ थर होता. जुनी लाल काच पुष्कळदा अशीच करतात, कारण पूर्ण जाडीची लाल काच जवळजवळ काळी दिसते. हे ज्ञान फार महागात पडले. तो लाल नागपुरात मिळाला नाही. मुंबईहून आलेला नमुना उन्हात धरला तर विटकरी दिसला.

पुढचे मी वाचल्याप्रमाणे केले. उन्हाने आणि विटांनी तावदानी आठ दिवसांत सपाट झाली. लहान मुले नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात तसा पातळ कागद पसरून संपूर्ण तावदानीचा घासठसा घेतला. त्यात प्रत्येक पट्टीची रुंदी आणि कुठली पट्टी कुठल्या पट्टीला अडते ते उमटले. तुकड्यांना आकडे दिले. नंतर जुने शिसे कापून काढले. त्यावरची पांढरी भुकटी हे विष आहे; ती कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी, काम करताना काही खाऊ नये आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये. काकूंच्या नातवाला ह्या कारणास्तव पडवीबंदी होती, आणि त्याने मला त्याबद्दल अद्याप क्षमा केलेली नाही.

नवी पट्टी वापरण्याआधी एक टोक शेगड्यात धरून दुसरे टोक पकडीने ओढायचे. ती थोडी लांबते, सरळ होते, जराशी घट्ट होते. मग एका कोपऱ्यापासून काच, पट्टी, काच, पट्टी असे रचत जायचे आणि सुटलेले घसरू नये म्हणून बाजूने खिळे ठोकत जायचे. हे काम मला जमले. झाळकाम जमेना. सांध्यावर सोल्डर ठेवले की खालची पट्टीच वितळून भोक पडे. शेवटी कॉटन मार्केटजवळ रेडिएटर दुरुस्त करणारे एक वयस्क मामा आहेत, त्यांच्याकडे शिशाचे चार तुकडे घेऊन गेले. त्यांनी माझे काम पाहिले आणि म्हणाले, “काहून घाई करून राह्यली बाई? सोल्डर वितळला पाह्यजे, पट्टी नाही.”

सारे मर्म त्यात होते. साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसे असे सोल्डर १९० अंशांच्या आसपास पातळ होते. शिसे ३२७ ला. मधले हे अंतर म्हणजे कारागिराची सगळी मोकळीक. मामांनी दाखवले की सांधा आधी तारेच्या ब्रशने चकचकीत घासायचा, आयर्न ओल्या फडक्यावर टेकवून थोडे निववायचे, सोल्डर आयर्नवर घेऊन सांध्याला स्पर्श करायचा आणि लगेच उचलायचे. कल्हई करताना नवसागर लागतो तसे इथेही काही लागते, पण शिशाला चरबीच पुरते. मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेले स्टिअरिक आम्ल वापरले. रेडिएटरसाठी मामा वापरतात ते ॲसिड त्यांनी स्वतःच देऊ केले नाही. “थे शिश्याले खाऊन टाकते,” म्हणाले.

तुटलेल्या पाकळीचे काय करावे, ह्यावर मात्र चार दिवस गेले. जुने कारागीर तड्यावर सरळ एक शिशाची पट्टी घालत; फुलावर पाच मिलिमीटरची काळी रेघ आली असती. जतनकार हल्ली पारदर्शक इपॉक्सीने कडा जोडतात, म्हणजे जवळजवळ काही दिसत नाही. पण ते काम हाताला सवय नसताना त्या पाकळीवर करून पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. आमच्या सरांच्या सल्ल्याने मी तांब्याच्या पत्र्याची पद्धत घेतली. दोन मिलिमीटरची रेघ आली. ती पाकळीची शीर वाटावी अशी माझी आशा होती. शिरा अशा तिरक्या जात नाहीत.

शेवटी लांबी. खडूची भुकटी, जवसाचे तेल, थोडे टर्पेंटाइन आणि काळेपणासाठी काजळी. ही दाट लापशी ब्रशने पट्ट्यांच्या पाखींखाली भरायची. तिनेच तावदानी ताठ होते आणि पाणी अडते. जवस आपल्या विदर्भाचाच, म्हणून मी घाण्यावरचे कच्चे तेल मोठ्या अभिमानाने आणले. ते वाळायला तीन आठवडे लागले. उकळवलेले तेल निम्मे घालावे, हा त्यावरचा उपाय.

मृगाच्या आधी सळईसह तावदानी दारावर चढली. संध्याकाळी ऊन आले, लाल फरशीवर उतरला. काकू बराच वेळ पाहत उभ्या होत्या. मग बोट वर करून म्हणाल्या, “ही रेघ नव्हती ग आधी.” ती तुटली तेव्हा त्या तिथेच होत्या, मी नंतर ती कशी सांधली ते मात्र त्यांना सांगितलेले नव्हते. साठ वर्षे त्या दाराखालून जाणाऱ्या बाईला पट्टीन् पट्टी पाठ होती.

तो घासठसा मी त्यांच्याकडेच दिला आहे. त्यावर सालासह लिहिले आहे की सर्व शिसे नवे, सत्तेचाळीसांपैकी दोन काचा नव्या, आणि मधल्या पाकळीवरची तिरकी रेघ मूळ चित्रातली नाही. काकूंनी तो घराच्या कागदपत्रांच्या पेटीत, खरेदीखताच्या खाली ठेवला.